मंगळवारची बरणी

बौद्धवाडी, मालगुंड
१६ फेब्रुवारी २०२५

सानवीच्या पप्पांना,
जयभीम.

फोन उचलत नाही म्हणून तक्रार करू नका. पुढेही उचलणार नाही. फोनवर तुम्ही रडायला लागता आणि मी विरघळते, हे लग्न झाल्यापासून चाललंय. कागदाला रडता येत नाही. जे सांगायचं ते लिहून सांगा.

तुमचा कुकर मिळाला. खोक्याला लाल रिबीन आणि वर ठळक अक्षरांत 'मोठे बक्षीस'. तो कागद फाडून तरी पाठवायचा होता! आणि पाठवलात कोणाबरोबर, तर टेम्पोवाल्या रावजीबरोबर. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुम्हाला ठाऊक नाही? वाडीत शिरल्यापासून त्याने दर दाराशी टेम्पो थांबवला आणि ओरडून सांगितलं, "धम्मादादाला दारू न पिन्याचा बक्षीस गावलाय!" मी फॅक्टरीतून येऊन काजूच्या चिकाने काळे झालेले हात घासत होते. तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच दिवशी माघ पौर्णिमा. विहारात पंचशील चालू होतं. पाचवं शील आलं, मद्य न पिण्याचं, आणि मागून कोणीतरी खुसखुसलं. बाहेर पडताना जानूभाऊ मला ऐकू जाईल असं बोलले, "मी बी उद्यापासून पितो. मना पन मिक्सर गावंल." बायकासुद्धा हसल्या. ज्यांच्यासोबत मी इतकी वर्षं हात जोडून बसते त्याच बायका.

मी जन्मात थेंब घेतलेला नाही. तुमच्या ओकाऱ्या काढल्या, तुम्हाला गटारातून उचलून आणलं आणि सकाळच्या शिट्टीला फॅक्टरीत हजर राहिले. मला कोणी साधा चमचा दिला नाही. न पिण्याचं बक्षीस पिणाऱ्याला, हा कुठला न्याय?

रावजी असंही सांगतो, की तुम्ही बाटलीत लघवी दिलीत म्हणून कुकर मिळाला. खरं आहे का हे? असल्या कुकरात मी भात लावायचा? तो माळ्यावर टाकलाय. सानवी उघडायला गेली तर तिच्या हातावर फटका दिला.

करुणा


हातखंबा
२३ फेब्रुवारी २०२५

करुणा, जयभीम.

रावजीबरोबर पाठवलं ही चूक झाली. रिबीन मीच ठेवली होती. तुला बघून बरं वाटेल असं वाटलं. माझी अक्कल.

लघवीचं खरं आहे. लपवत नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटताना तेजस्वी मॅडमनी, म्हणजे तिथल्या समुपदेशक, मला विचारलं होतं की या नव्या पद्धतीत येणार का. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला रत्नागिरीला केंद्रात जायचं. यंत्रात फुंकायचं, बाटलीत नमुना द्यायचा. दारूचा अंश नाही निघाला की टेबलावर लोणच्याची असते तशी काचेची मोठी बरणी ठेवलेली असते, तिच्यात हात घालून चिठ्ठी काढायची. पहिल्यांदा एक. पुढच्या खेपेला पण स्वच्छ असलास तर दोन. मग तीन. असं वाढत जातं. मध्ये एकदा जरी प्यायलास की परत एकवर. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'शाब्बास' लिहिलेलं असतं. काहींवर साबण, टॉवेल, चहापत्ती. कुकर अख्ख्या बरणीत एकच होता.

मला पण पहिल्या दिवशी लाज वाटली. एवढा बाप्या माणूस, वेल्डिंग करून हात भाजलेले, आणि बालवाडीतल्या पोरासारखा चिठ्ठी उघडतोय. आमच्यात मालगुंडचाच एक संदेश आहे, खलाशी, त्याला पहिल्यांदा 'शाब्बास' निघालं तर त्याने मॅडमना विचारलं, "ह्याचा काय करू? खाऊ?"

पण तुला खरं सांगतो, राग धर हवं तर. शनिवारी पगार झाला की इथल्या वर्कशॉपमधली सगळी नाक्यावरच्या बारमध्ये जातात. मी रस्त्याच्या अलीकडे उभा असतो. तेव्हा मी तुझा चेहरा आठवून बघितला आहे. सानवीचा बघितला आहे. पाचवं शील म्हणून बघितलं आहे. डॉक्टरनी लिव्हरचं काय सांगितलं ते पण. हे सगळं खरं आहे पण लांब आहे गं. ग्लास हातभर अंतरावर असतो. बरणी पण हातभर अंतरावर असते, मंगळवारी. शनिवारी प्यायलो तर मंगळवारी सहा चिठ्ठ्यांची एक होणार, हे एवढंच डोक्यात येतं आणि मी वळतो.

शिलाने नाही थांबलो, बरणीने थांबलो. हसू नकोस.

कुकर वापर. तुझ्या त्या भांड्यात डाळ शिजत नाही.

धम्मदीप


मालगुंड
२ मार्च २०२५

सानवीच्या पप्पांना,

हसू नकोस म्हणता? मला हसायला आलेलं नाही. तुमचं पत्र वाचून मी परसात जाऊन बसले आणि लाकडं फोडली, गरज नसताना.

सानवी सात वर्षांची होती तेव्हा तिने तुमचे पाय धरले होते, आठवतं? "पप्पा, नका ना जाऊ." तुम्ही तिला बाजूला करून गेलात. माझ्या आईने मरताना तुमच्याकडून वचन घेतलं. बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवून तुम्ही शपथ घेतलीत, तीही दोनदा. त्या सगळ्याने जे झालं नाही ते एका साबणाच्या वडीने झालं? म्हणजे आमच्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा टॉवेल जड? तुम्ही हे लिहिलंत कसं? वर मोठेपणाने 'खरं सांगतो'! असलं खरं तुमच्याजवळच ठेवा.

मला तुमची बरणी कळली. बक्षीस संपलं की दारू सुरू. ती मॅडम जन्मभर पुरणार आहे का चिठ्ठ्या घालायला? उद्या केंद्र बंद पडलं की तुम्ही परत गटारात. हे बरं होणं नव्हे, ही लाच आहे. आपली माणसं फुकट शील घेतात. शिलाला कोणी पैसे लावत नाही.

आता माझं ऐका. तुम्हाला घरी यायचं आहे ना? मग बरणीत हात घालायचा नाही. नमुना द्या, फुंका, काय ते करा, पण एक चिठ्ठी काढायची नाही. बुद्धपौर्णिमेपर्यंत असे राहून दाखवा. स्वतःच्या बळावर, माणसासारखे. तेव्हा सगळे चाकरमानी मुंबईहून आलेले असतील. त्या दिवशी ताठ मानेने या, घराचं दार उघडं असेल. नाहीतर हातखंब्यालाच राहा, आणि बरणी घेऊन झोपा.

करुणा


हातखंबा
१६ मार्च २०२५

करुणा, जयभीम.

तू म्हणतेस तसं केलं. मंगळवारी मॅडमना सांगितलं की मी यापुढे चिठ्ठी काढणार नाही. त्या म्हणाल्या, "धम्मदीप, ही तुमच्या औषधाचाच भाग आहे. गोळी चांगली लागू पडत्येय म्हणून कोणी बंद करतं का?" मी म्हटलं, घरच्यांचं म्हणणं आहे. त्यांनी तुला एकदा भेटायला बोलावलं आहे. मी म्हटलं तिला फॅक्टरीतून सुट्टी मिळत नाही.

नमुना स्वच्छ आला. बरणीकडे बघितलं नाही.

सगळं ठीक आहे. काळजी करू नकोस. सानवीला विचार दहावीचं गणित कसं गेलं.

धम्मदीप


मालगुंड
१३ एप्रिल २०२५

सानवीच्या पप्पांना,
सप्रेम जयभीम.

तुमची मधली दोन्ही पत्रं पोचली. लहानच होती, पण 'ठीक आहे' वाचलं की तेवढं पुरतं. रावजी म्हणाला, तुम्ही जादा पाळी पण करता. तब्येत सांभाळून करा.

मी बोलते तिखट, पण तुम्ही ऐकलंत त्याचं मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. परवा नळावर जानूभाऊंची बायको कमला परत बरणीवर घसरली. मी कळशी खाली ठेवली आणि सांगितलं, "माझा नवरा बरणीबिगर ऱ्हायलाय. एक चिट्टी घेत नाय. तुमच्या घरात कोन हाय असा?" तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता आनंदाची गोष्ट. बुद्धपौर्णिमेला पंचशील कोणी म्हणायचं यावर मंडळाची बैठक झाली. एकजण पुढे म्हणतो आणि सगळे त्याच्यामागून म्हणतात, तो मान दरवर्षी आत्मारामकाकांचा. या वर्षी तुम्ही म्हणायचं. मी स्वतः उठून सांगितलं. आत्मारामकाका म्हणाले, "पोरगा सुदारला आसल तर माजी ना नाय." सगळ्या वाडीसमोर, मुंबईकरांसमोर तुम्ही उभे राहणार. पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलाय. सानवीची परीक्षा संपलीय, ती दिवस मोजतेय.

कुकर अजून माळ्यावरच आहे. तुम्ही आलात की तुमच्या हाताने उघडा.

तुमची,
करुणा


हातखंबा
२१ मे २०२५

करुणा,

बुद्धपौर्णिमेला तू दार लावून घेतलंस ते बरोबर केलंस. पण आता मी लिहितो आणि तू वाच. मधे चुलीत टाकू नकोस.

सानवी बोलते का तुझ्याशी? मला काहीही सांगू नकोस तिच्याबद्दल, मला सगळं दिसतं, डोळे मिटले तरी दिसतं. मी उभा होतो तिथे तुझ्या इस्त्रीच्या सदऱ्यात. चार शिलं म्हटली. सगळी वाडी माझ्यामागून म्हणत होती. पाचवं आलं आणि मी अडकलो. तोंडाला वास होता तो मलाच येत होता. आत्मारामकाका माझ्याकडे बघत होते. सगळे हात जोडून थांबलेले, मी म्हणेन आणि मग म्हणू म्हणून. आणि मागून सानवीचा आवाज आला. तिने एकटीने, मोठ्याने, सबंध पाचवं शील म्हटलं आणि सगळे तिच्यामागून म्हणाले. बापाची अब्रू झाकायला पोरगी उभी राहिली. मी चपला न घालता बाहेर पडलो.

मी त्या दिवशी पहिल्यांदा प्यायलो असं तुला वाटत असेल. नाही. एप्रिल लागला तेव्हापासून पीत होतो. बरणी सोडल्यावर मी काही मंगळवार-शुक्रवार गेलो. मग एका मंगळवारी मालकाने सकाळची जादा पाळी दिली, आणि मी म्हटलं, तिथे जाऊन करायचंय काय, नुसती लघवी द्यायला रत्नागिरीला कशाला तंगडतोड. नाही गेलो. शुक्रवारी पण नाही. शनिवारी नाक्यावर उभा राहिलो आणि रस्ता ओलांडायला काही अडवत नव्हतं. त्यानंतरची 'ठीक आहे' म्हणणारी सगळी खोटी पत्रं प्यायलेल्या हाताने लिहिली.

पण तुला पण विचारतो. माझी चाललेली गाडी तू का थांबवलीस? मी थांबलो होतो ना? कशाने का होईना, थांबलो होतो! तुला मी सुधारायला नको होतो, तुला हवा तसा सुधारायला हवा होतो. नळावर मिरवायला. विहारात उभा करायला. मी एवढंसं चालायला लागलो होतो आणि तू म्हणालीस काठी टाक, लोक हसतात.

संदेश अजून जातो तिथे. त्याला चिठ्ठीत मिळालेल्या टॉवेलने त्याच्या बायकोने पोरीला पुसलं, आणि हे मला सांगताना तो हसत होता.

मॅडमचा माणूस वर्कशॉपला येऊन गेला. म्हणाला, कोणी रागावलेलं नाही, मंगळवारी या, परत एक चिठ्ठीपासून सुरू. मी नाही म्हटलं. कोणत्या तोंडाने जाऊ? चार जूनला, बुधवारी, मुंबईला जातोय. चुलतभाऊ वॉचमनची नोकरी बघतो म्हणालाय. तिथे मला कोणी ओळखत नाही. पिऊन पडलो तरी तुझं नाक कापलं जाणार नाही.

सानवीला सांग... काही सांगू नकोस.

धम्मदीप


मालगुंड
रविवार, १ जून २०२५

सानवीच्या पप्पांना,

चुलीत टाकलं नाही. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुम्हाला धरून बडवावंसं वाटलं.

आधी हे घ्या. घोट तुमचा आहे. तो माझ्या पदरात टाकायचा नाही. मी अट घातली, बाटली मी ओतली नाही. एप्रिलपासून मला 'ठीक आहे' लिहिणारा हात तुमचा. आणि मी नळावर जाऊन तुमच्या नावाने छाती काढत होते! कमला आता मला काही बोलत नाही. नुसती कळशी भरून द्यायला पुढे होते. ते टोमण्यापेक्षा वाईट आहे.

मिरवायला म्हणालात. हो, मिरवायचं होतं. इतकी वर्षं मान खाली घालून चालले, एक दिवस वर करायची होती. यात माझं काय चुकलं? काठीचं मात्र बरोबर बोललात, आणि तेच मला जास्त झोंबलं.

सानवी बोलत नव्हती. काल जेवताना बोलली. "आई, शील मोडलं की परत घेता येतं?" माझं डोकं आधीच ठणकत होतं. मी खेकसले, "मग दर पौर्णिमेला काय करतो आपण? एकदा घेऊन भागत आसतं तर परत परत कशाला म्हनलं आसतं?" बोलून गेले आणि भाताचा घास तसाच हातात राहिला. 'समादियामि' म्हणजे मी घेते. घेतलं आहे, झालं, असं नाही. लहानपणापासून ते म्हणतेय मी. आत्मारामकाका सत्तरीचे आहेत, तेही दर पौर्णिमेला नव्याने घेतात, आणि त्यांना कोणी म्हणत नाही की काका, तुमचं मागचं कुठे गेलं. मी मात्र तुम्हाला म्हटलं, एकदाच घ्या, सगळ्यांसमोर घ्या आणि ते कायम टिकवा. मीच शपथ आणि शील यांत गोंधळ केला. एवढं माझं. यापुढचं एक अक्षर माझ्यावर ढकलू नका.

तुमच्या त्या मॅडमना मी काल फोन केला. खूप बोलले. तुमच्या बरणीत आम्हा बायकांसाठी काय आहे विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही ताई. असायला हवं." निदान खोटं बोलल्या नाहीत. मग मी विचारलं, बरणी कायम थोडीच असणार, मग पुढे काय? तर म्हणाल्या, हातखंब्याच्या बारसमोरून वळायची सवय पायांना लागेपर्यंत ती आहे. पुढे पाय आपले आपण वळतात, सगळ्यांचे नाही, पण बऱ्याच जणांचे.

मला अजून हे पटलेलं नाही. माझा जीव जळतो की तुम्हाला माझ्यासाठी थांबता येत नाही. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तुम्ही विसरायला सांगायचं नाही. पण तुम्ही जिवंत असताना मला जळायला मिळावं, तुम्ही मुंबईत कुठल्या तरी फुटपाथवर मेल्यावर नाही.

तर बुधवारची गाडी विसरा. मंगळवारी फॅक्टरीत खाडा सांगितलाय. सकाळच्या पहिल्या एसटीने रत्नागिरीला येते आणि नऊला केंद्राच्या दारात उभी राहते. तुम्ही आत जाऊन नमुना द्यायचा. स्वच्छ आला तर बरणीत हात घालायचा, माझ्यासमोर. घरी कुकर उघडलाय. कालची डाळ त्यातलीच. वाडीला वास गेला असेल तर जाऊ दे. नमुना वाईट आला तर मी तुम्हाला तिथल्या तिथे, मॅडमसमोर, संदेशसमोर झाडणार, आणि शुक्रवारी परत येणार. आणि पुढच्या मंगळवारी. खाड्याचे पैसे कापले जातील ते कापू देत. मी प्रत्येक वेळी चिडूनच येईन, त्याची तयारी ठेवा.

हे पत्र रावजी हातात देईल आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही. त्याला तसं बजावलंय.

करुणा


(त्याच पत्राच्या मागे)

हातखंबा, सोमवार

करुणा,

रावजी समोर उभा आहे. आज प्यायलोय, खोटं लिहीत नाही. उद्या नमुना वाईट येणार.

नऊला दारात आहे. झाडायला ये.

धम्मदीप